24 विजय, 4 पराभव, विजेता कुणीच नाही : युरोलीग 2019–20 चं प्रकरण

युरोलीग ही युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांची स्पर्धा. इस्तंबूलच्या अनादोलू एफेस संघाने त्या हंगामात 28 सामने खेळले आणि 24 जिंकले. तालिकेत त्यांच्या मागे रेआल माद्रिद आणि बार्सेलोना होते, प्रत्येकी 22 विजयांवर. तरीही युरोलीगच्या विजेत्यांच्या यादीत 2020 समोर कुणाचंच नाव नाही. 1958 पासून चालत आलेल्या स्पर्धेत हे पहिल्यांदाच घडलं. याआधी 2000–01 मध्ये उलटा प्रकार झाला होता. जागतिक संघटना फिबा आणि मोठे क्लब यांचं फाटलं, दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या आणि युरोपला एकाच वर्षी दोन विजेते मिळाले : बोलोन्याचा किंडर आणि मक्काबी तेल अवीव्ह.

करोनाने हंगाम बुडवला, एवढं सगळ्यांना माहीत आहे. या टिपणाचा विषय तो नाही. एका तारखेला सगळं थांबलं, त्यानंतर 74 दिवस कोणते पर्याय टेबलावर होते, ते एकेक करून का गळाले, आणि स्पर्धेच्या रचनेतच काय असं होतं की सुटका अवघड झाली, ते इथे पाहायचं आहे. निर्णय घेणाऱ्या खोलीतल्या माणसांचं आणि आजारी पडलेल्या खेळाडूचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. संघ आणि आकडे उघड आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

2016 पर्यंत युरोलीग गटांत खेळली जायची. 2016–17 पासून गट मोडीत निघाले आणि 16 संघांनी एकमेकांशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं ठरलं. म्हणजे 30 फेऱ्या. 2019–20 मध्ये संघ 18 झाले आणि फेऱ्या 34. पहिले आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार, तिथे पाचपैकी तीन सामने जिंकायचे. उरलेले चार एका शहरात, शुक्रवार ते रविवार ‘फायनल फोर’ खेळणार. 2020 साठी कोलोन ठरलं होतं, 22 ते 24 मे.

ही साखळी पद्धत लोकांना आवडली, आणि ते साहजिक होतं. सोपा गट, अवघड गट अशी रड उरली नाही. जो वर आहे तो सगळ्यांशी खेळून वर आहे. पण या पद्धतीत एक खोच आहे : सगळे सामने पूर्ण झाले तरच ती न्याय्य ठरते. अर्ध्यावर थांबली तर प्रत्येकाच्या ताटात वेगळं उरतं. एकाला तळाचे संघ बाकी असतात, दुसऱ्याला माद्रिद आणि बार्सेलोना. 2019 च्या शरद ऋतूत हा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट मालकीची. युरोलीग ही संघटनेची स्पर्धा नाही, क्लबांची कंपनी आहे. एफेस, फेनरबाचे, रेआल, बार्सेलोना, बास्कोनिया, सीएसकेए मॉस्को, मक्काबी, मिलान, ऑलिम्पियाकोस, पानाथिनाइकोस आणि झालगिरिस हे 11 क्लब तेव्हा भागधारक आणि दीर्घ मुदतीचे परवानाधारक होते. बाकीचे सात संघ इतर वाटांनी आत आलेले. म्हणजे पंच बोलवायचे असोत की हंगाम थांबवायचा असो, अखेरचा शब्द तालिकेत बसलेल्यांचाच.

आणि एफेस. 2017–18 मध्ये हा संघ 7 विजय आणि 23 पराभवांसह शेवटचा, सोळावा आला होता. त्याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर 2017 मध्ये एर्गिन आतामान प्रशिक्षक म्हणून आले. पुढच्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात, व्हिटोरियात सीएसकेएकडून 91–83 ने हरला. 2019–20 मध्ये मात्र त्यांना थांबवणं कठीण झालं होतं. 29 नोव्हेंबर 2019 ला शेन लार्किनने बायर्न म्युनिकविरुद्ध एकट्याने 49 गुण केले, त्यात 10 थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून मारलेले तीन गुणांचे बास्केट. लार्किन आणि वासिलिये मिचिच ही जोडी एकदा लयीत आली की समोरचा बचाव नुसता धावत राहायचा. मी त्या हंगामातले त्यांचे सामने पाहत होतो, त्यामुळे या टिपणात थोडा कल दिसला तर तो तसाच राहू द्या.

अडचण

फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तर इटलीत साथ पसरली. मार्चच्या सुरुवातीला मिलानमध्ये रेआल माद्रिदविरुद्धचा सामना रिकाम्या हॉलमध्ये झाला. तोवर सगळ्यांचा सूर एकच होता : प्रेक्षक नसले तरी चालेल, वेळापत्रक चालू ठेवू.

11 मार्चला अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए थांबली. दुसऱ्या दिवशी रेआल माद्रिदच्या बास्केटबॉल संघातला एक खेळाडू बाधित निघाला. रेआलचे बास्केटबॉल आणि फुटबॉल संघ एकाच क्रीडासंकुलात सराव करतात, म्हणून दोन्ही संघ विलगीकरणात गेले आणि स्पेनची फुटबॉल लीगही त्याच दिवशी थांबली. युरोलीगने 12 मार्चला हंगाम स्थगित केला. 28 फेऱ्या झाल्या होत्या, सहा उरल्या होत्या.

वर एफेस 24–4, रेआल आणि बार्सेलोना 22–6, सीएसकेए आणि मक्काबी 19–9. इथपर्यंत चित्र स्पष्ट आहे. खरा गुंता खाली होता. पानाथिनाइकोस 14–14. खिम्की आणि फेनरबाचे 13–15, म्हणजे सातवे आणि आठवे. आणि त्यांच्या मागे फक्त एका विजयाच्या अंतरावर पाच संघ : बास्कोनिया, वालेन्सिया, मिलान, ऑलिम्पियाकोस, झालगिरिस. पाचही 12–16. त्यांच्याही मागे एका पावलावर बेलग्रेडचा रेड स्टार, 11–17. आठवी जागा एक आणि तिच्यावर हात ठेवलेले संघ अर्धा डझन.

हे चित्र मुद्दाम सविस्तर दिलं, कारण चर्चा नेहमी ‘एफेसला विजेता करायला हवं होतं की नाही’ एवढ्यावर येऊन थांबते. निर्णय घेणाऱ्यांची डोकेदुखी पहिल्या जागेपेक्षा आठव्या जागेची जास्त होती.

त्यात 18 संघ 10 देशांतले. स्पेनचे चार, रशियाचे तीन, तुर्कस्तान, ग्रीस आणि जर्मनीचे दोन-दोन, इटली, फ्रान्स, इस्रायल, लिथुआनिया, सर्बियाचा एकेक. प्रत्येक देशाच्या सीमा वेगळ्या दिवशी बंद झाल्या आणि उघडायच्या तारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. अनेक अमेरिकन खेळाडू मार्चमध्येच घरी परतले होते. युरोपातले बरेच करार 30 जूनला संपतात, म्हणजे जुलैत खेळायचं तर खेळाडू नेमका कोणाचा, हा प्रश्नही होता.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय : तालिका आहे तशी गोठवायची, एफेसला विजेता जाहीर करायचं. काही राष्ट्रीय संघटनांनी तसं केलं. लिथुआनियात झालगिरिसला, ग्रीसमध्ये पानाथिनाइकोसला किताब दिला गेला. पण युरोलीगमध्ये साखळीत पहिला येणारा कधीच आपोआप विजेता नसतो, करंडक फायनल फोरमध्ये मिळतो. नियमच तसा आहे. शिवाय सहा फेऱ्या बाकी असताना दोन विजयांची आघाडी म्हणजे गणिताने बंद झालेलं दार नव्हे. माझ्या मते हा पर्याय नाकारला ते बरोबरच झालं.

दुसरा, उरलेल्या साखळी फेऱ्या सोडून देऊन पहिल्या आठांना थेट बाद फेरीत खेळवायचं. आकर्षक दिसतो. सामने कमी, संघ कमी. पण मग 12–16 वाल्या पाचांना काय सांगणार? त्यातले वालेन्सिया सोडून चार क्लब भागधारक. जे क्लब मत देणार त्यांनाच ‘तुम्ही बाहेर’ म्हणायचं. हा पर्याय औपचारिकपणे कितपत तपासला गेला ते बाजूला ठेवलं, तरी त्याला बहुमत मिळण्याची शक्यता तालिकेकडे पाहूनच कमी दिसते.

तिसऱ्या पर्यायावर सर्वाधिक काम झालं : सगळ्यांना एका शहरात आणायचं, प्रेक्षकांविना उरलेले 54 साखळी सामने उरकायचे, मग आटोपशीर बाद फेरी, आणि जुलै संपायच्या आत करंडक. प्रत्येक संघाबरोबर खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ मिळून पंचवीस जण धरले तरी साडेचारशे माणसं. शिवाय पंच, टीव्हीची माणसं, तपासण्या, हॉटेलं. साखळीचा न्याय पूर्ण राखणारा हा एकमेव मार्ग होता. सर्वांत जड मार्गही तोच होता. दोन-तीन महिने घरात बसलेल्या खेळाडूला दोन-तीन आठवड्यांच्या सरावावर एकामागून एक सामने खेळवले तर स्नायू आणि सांधे किती टिकतील? खेळाडूंच्या संघटनेचा हाच आक्षेप होता. कुटुंबांना मागे ठेवून पुन्हा विलगीकरणात जायला अनेकांची तयारी नव्हती.

चौथा, शरद ऋतूपर्यंत ढकलायचं. आपल्याकडे आयपीएल त्या वर्षी असंच सप्टेंबरमध्ये अमिरातीत गेलं आणि पूर्ण झालं. युरोलीगला ते परवडणारं नव्हतं, कारण पुढचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता आणि तोही 34 फेऱ्यांचा. मागच्या वर्षीचं जेवण संपवायला बसलं तर या वर्षीचं गार होणार.

पाचवा, रद्द.

निर्णय

25 मे 2020 ला, कोलोनमध्ये अंतिम सामना व्हायचा होता त्याच्या दुसऱ्या दिवशी, कार्यकारी मंडळाने हंगाम रद्द केला. युरोलीग आणि तिची धाकटी स्पर्धा युरोकप, दोन्ही. विजेता कुणालाच जाहीर केलं नाही.

या निर्णयाचा तिसरा भाग बातम्यांत मागे पडला : पुढच्या हंगामात तेच 18 संघ. वरवर पाहता उदार वाटतं, कुणाचंच नुकसान नाही. पण युरोकपमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आलेले आठ संघ होते, आणि युरोकप जिंकणं हा बाहेरच्यांसाठी वर चढायचा जिना होता. त्या वर्षी तो काढून घेतला गेला. 8–20 वर तळाला असलेले बायर्न आणि झेनित सेंट पीटर्सबर्ग आत राहिले, युरोकपमध्ये चांगलं खेळणारे बाहेर.

गंमत पुढे आहे. तेच बायर्न आणि तेच झेनित पुढच्या हंगामात पहिल्या आठांत आले. बायर्न पाचवा, झेनित आठवा. दोघांनीही उपांत्यपूर्व लढत पाचव्या सामन्यापर्यंत ताणली. म्हणजे ज्या निर्णयावर मी वर नाक मुरडलं, त्यानेच पुढच्या वर्षीचा हंगाम रंगतदार केला. निर्णय अन्यायाचा होता हे माझं मत तरीही बदललेलं नाही. फक्त निकालावरून निर्णयाची पारख करण्याचा मोह किती फसवा असतो, ते इथे दिसतं.

परिणाम

एफेसच्या हाती काहीच लागलं नाही. तुर्कस्तानची लीगही विजेत्याशिवाय संपली. लार्किनचे 49 गुण मात्र आधुनिक युरोलीगचा विक्रम म्हणून राहिले आणि 2024 पर्यंत टिकले. ते मोडले फेनरबाचेच्या नायजेल हेज-डेव्हिसने, 50 गुण करून. हंगामाचे आकडे वैध, विजेता नाही, अशी ती विचित्र अवस्था.

दरम्यान इतरांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. जर्मनीने जूनमध्ये 10 संघ म्युनिकला एका हॉटेलात आणि एका हॉलमध्ये ठेवून लीग पूर्ण केली, आल्बा बर्लिन जिंकलं. स्पेनने 12 संघ वालेन्सियात बोलावले, 17 ते 30 जून. अंतिम सामन्यात बास्कोनियाने बार्सेलोनाला 69–67 ने हरवलं. युरोलीगच्या तालिकेत आल्बा 9–19 आणि बास्कोनिया 12–16 होते हे लक्षात घेतलं, तर अडीच महिन्यांच्या खंडानंतरच्या छोट्या स्पर्धेत जुन्या तालिकेला किती कमी अर्थ उरतो ते कळतं. एफेसला जुलैमध्ये खेळवलं असतं तरी ते जिंकले असतेच असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण जर्मनी आणि स्पेनकडे बोट दाखवून ‘युरोलीगला का जमलं नाही’ विचारणं थोडं सोपं आहे. तिथे एक सरकार, एक सीमा, एक आरोग्यखातं. युरोलीगला दहा.

जास्त बोचणारी तुलना फिबाच्या चॅम्पियन्स लीगशी आहे. तीही अनेक देशांची स्पर्धा. त्यांनी उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सगळे सामने 30 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2020 या पाच दिवसांत अथेन्समध्ये उरकले. अंतिम सामन्यात सान पाब्लो बुर्गोसने एईके अथेन्सला 85–74 ने हरवलं. आठ संघ, एक हॉल, विषय संपला. त्यांना हे जमलं कारण त्यांची साखळी आधीच संपलेली होती आणि उरली होती ती बाद फेरी. बाद फेरी कुठेही, कितीही आखडता येते. संपूर्ण साखळी आखडता येत नाही. मात्र याची किंमत होती : तोवर उन्हाळी भरती झाली होती, आणि संघ नव्या हंगामाच्या खेळाडूंसह जुना हंगाम संपवत होते. हा जुन्याच हंगामाचा निकाल मानायचा का, यावर वाद घालायला जागा आहे. पण करंडकावर नाव तरी कोरलं गेलं.

पुढचा युरोलीग हंगाम वेळेवर सुरू झाला आणि लगेच नियम अडला. सुरुवातीला असं ठरलं होतं की साथीमुळे आठ खेळाडू उभे करता आले नाहीत तर सामना 20–0 ने गमवावा लागेल. पहिल्याच महिन्यात हा नियम मागे घेऊन सामने पुढे ढकलण्याची मुभा द्यावी लागली. एफेस साखळीत तिसरा आला, 22–12. रेआलला त्यांनी पाच सामन्यांत हरवलं, मग रिकाम्या कोलोनमध्ये सीएसकेएला 89–86 आणि 30 मे 2021 ला बार्सेलोनाला 86–81. मिचिच सर्वोत्तम खेळाडू ठरला. करंडक एका वर्षाने आला, शहर तेच.

वेगळं काय करता आलं असतं

हंगाम पूर्ण करायलाच हवा होता असं मला वाटत नाही. मे 2020 मध्ये, हातात असलेल्या माहितीवर, रद्द करणं समजण्यासारखं होतं. चुका त्याच्या आधीच्या आहेत.

पहिली म्हणजे नियम आधी लिहिलेला नव्हता. किती टक्के सामने झाले की तालिका ग्राह्य धरायची, आठव्या जागेवर बरोबरीचा घोळ असेल तर काय, विजेता द्यायचा की नाही, हे हंगामाआधी ठरलेलं असतं तर ते कुणाच्या बाजूचं आहे हे तेव्हा कुणालाच कळलं नसतं. मार्चनंतर मात्र प्रत्येक सूत्राकडे पाहताना प्रत्येक क्लबाला आपली जागा दिसत होती. नेमका इथेच भागधारकांनीच निर्णय घेण्याचा तोटा होतो. त्यांनी अप्रामाणिकपणा केला असं म्हणायचं नाही. पण तालिकेत पहिला असलेला एफेस आणि 12–16 वर असलेला झालगिरिस एकाच टेबलावर बसून ‘तालिकेला किती वजन द्यायचं’ ठरवत असतील, तर सर्वांना चालेल असं उत्तर एकच उरतं : कुणालाच काही नाही. अशा वेळेपुरती दोन-तीन बाहेरच्या माणसांची समिती नेमता आली असती.

दुसरी चूक म्हणजे 74 दिवस. पूर्ण हंगाम वाचवायचा या एकाच कल्पनेवर ते दिवस गेले. एप्रिलच्या मध्यापर्यंत 18 संघ एका जागी आणणं कठीण आहे हे दिसू लागलं होतं. तेव्हाच साखळी सोडून लहान पर्याय घेतला असता, उदाहरणार्थ पहिले पाच नक्की धरून आठव्या जागेपर्यंतच्या उरलेल्या जागांसाठी मधल्या संघांच्या पात्रता लढती, तर निदान चर्चेचा आवाका कमी झाला असता. हे मी आज, निवांत बसून लिहितोय याची जाणीव आहे. पण पर्यायांची उतरंड, ‘हे जमलं नाही तर ते’ अशी तारखांसह, कुठेच दिसत नाही.

तिसरी गोष्ट छोटी आहे. साखळीत पहिला आलेल्या संघाची अधिकृत नोंद करून, करंडक नाही तरी एखादी पाटी द्यायला कुणाची हरकत नव्हती. ती विजेतेपदाची जागा घेत नाही. पण 24–4 ची दखलही घेत नाही अशी स्पर्धा पाहून खेळाडूंना काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता यातून काही शिकलं गेलं का? 2022 मध्ये परीक्षा पुन्हा आली, वेगळ्या कारणाने. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस सीएसकेए, झेनित आणि काझानचा उनिक्स हे तीन रशियन क्लब निलंबित झाले. पुन्हा हंगामाचा मध्य, पुन्हा नियम तयार नाही. पण या वेळी निर्णय काही आठवड्यांत झाला : तिन्ही क्लबांचे सगळे निकाल पुसायचे, 15 संघांची तालिका नव्याने मांडायची आणि पहिल्या आठांना पुढे न्यायचं. काहींचे कष्टाचे विजय त्यात वाहून गेले, आरडाओरडही झाली. तरी हे सूत्र टिकलं, कारण उरलेल्या प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी तेच 14 होते, घरी आणि बाहेर. तालिका 28 सामन्यांची झाली.

2020 मध्ये थांबलेली तालिकाही 28 सामन्यांचीच होती. तिच्यात पहिला असलेला एफेस 2022 च्या तालिकेत सहावा होता. बेलग्रेडच्या अंतिम सामन्यात त्यांनी रेआल माद्रिदला 58–57 ने हरवलं आणि करंडक घेऊन ते इस्तंबूलला गेले.